पंचांसमक्ष

"नोटीस पोचलीच नसेल, तर प्रत्यक्ष ब्रह्मदेवही भाडेकरूला बाहेर काढू शकत नाही," असं वकीलसाहेबांनी विनीतला छातीठोकपणे सांगितलं. नौपाड्यातल्या चाळीतली खोली मालकाला रिकामी हवी होती, आणि विनीतला बायकोचं, अक्षदाचं, बाळंतपण होईपर्यंतची मुदत. दारावर डकवलेला कागद त्याने फाडून टाकला आणि कोर्टात शांतपणे सांगितलं, "साहेब, नोटीस मिळालीच नाही."

न्यायाधीशांनी बेलिफाचा पंचनामा चाळला. नोटीस दोन पंचांसमक्ष दाराला चिकटवलेली होती, खाली दोघांच्या सह्या होत्या. सह्या वाचून त्यांनी पंचनामा विनीतपुढे धरला आणि आठ दिवसांत खोली सोडायला सांगितलं.

घरी येऊन विनीत खुर्चीत बसला.

"आई, अख्खी चाळ भरलेली असताना पंच म्हणून सही तू का केलीस गं?"

"अरे, सगळे आपल्या बाजूचे, म्हणून चाळीत कुणी सही करीना," विमलाबाई म्हणाल्या. "बेलीफ बिचारा तीन मजले फिरून दमलेला. मला नाही बघवलं."



दुसरी सही अक्षदाची होती.