नकाराचं कारण

तिरेसाचे गुडघे गेले, तेव्हा हाताशी माणूस हवं म्हणून ती होनोलुलूहून सामोआतल्या आपिआला आली, मुलीला कायमचं घेऊन जायला. मुलगी मसीना अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरत होती.

"आधी कधी व्हिसा नाकारलाय का, असं विचारलंय. एकदा नाकारलाय, तुला भेटायला येणार होते तेव्हा. कारणही लिहायचंय."

"लिही, कागद अपुरे होते. कोण बघतंय?"

"तेव्हा व्हिसा कचेरीच्या खिडकीवरच्या बाईंनी माझ्यासमोर तुला फोन लावला होता, आई. मला सगळं ऐकू येत होतं."

तिरेसाच्या हातातला पंखा थांबला.

"तू म्हणालीस, मला मुलगीच नाही."

"माझा नवरा शेजारी बसला होता गं. त्याला तुझं ठाऊक नव्हतं. आता तोही वारला."

मसीनाने आईचं फोनवरचं ते उत्तर, 'मला मुलगीच नाही', कारणाच्या रकान्यात जसंच्या तसं लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.