सावाची आई

टिमोने सरपणाचा शेवटचा भारा पायरीशी टाकला आणि हात झटकत तो मागे सरकला. फेन्या दार उघडून उभी होती. आत टेबलावर कोबी-बटाट्याचं गरम सूप, बोर्श, वाढून ठेवलं होतं, पावही कापलेला होता.

“ये आत. निवतंय.”

“नको काकू. बुटांना चिखल आहे.”

“मग काढ बूट. माझ्या घरात बूट घालून कोण जेवलंय आजवर?”

“घाई आहे जरा.”

कूटनीच्या या दरीत आम्हा दुखोबोर पंथाच्या लोकांच्या दारातून कोणी उपाशी जात नाही. भांडायचं असलं तरी आधी वाढतात, मग भांडतात. पण फेन्याचा मुलगा सावा घाटात गाडीखाली गेला आणि मृत्यूनंतर सहा आठवड्यांनी झालेल्या त्याच्या स्मरणविधीनंतर त्याच्या एकाही मित्राने फेन्याचा उंबरठा ओलांडला नव्हता. येत सगळे. कोणी लाकडं फोडून देई, कोणी छपरावरचं बर्फ ओढून काढी. पण सगळं बाहेरच्या बाहेर. ती कोणाकडे गेली, तर तेही फाटकापर्यंत येऊन बोलत आणि तिथूनच तिला वाटेला लावत.

“टिमो,” ती म्हणाली, “दुःख म्हणजे काही खरूज नाही, एकाची दुसऱ्याला लागायला.”

टिमो बुटाच्या टोकाने चिखल उकरत राहिला.

“माझं रडणं सोसवत नसेल तर तसं सांगा. नाही रडणार मी. पण टेबलाशी बसत जा रे कोणीतरी. एकटीला घास उतरत नाही.”

“रडणं सोसलं असतं काकू.”

“मग काय सोसवत नाही?”

टिमोने टोपी काढली, पुन्हा घातली. “आई कशी आहे?” त्याने विचारलं.

आई म्हणजे सावाने तळघरात वाढवलेलं झाड. ज्या झाडाची कलमं घ्यायची त्याला फुलू देत नाहीत, दिव्याखाली नुसतं हिरवं राखतात. गांजा लावणारे त्याला आईच म्हणतात. सावाच्या या वाणाला बी नव्हतं. तो टिकायचा तो या आईच्या फांद्यांतूनच. स्मरणाच्या दिवशी पाव, मीठ आणि पाणी मांडलेल्या टेबलापाशी फेन्याने तिची कलमं ओल्या कापसात गुंडाळून मित्रांच्या हातात एकेक दिली होती. सावाला घरी न्या, म्हणाली होती. तेव्हा भलेभले रडले होते.

“पिवळी पडलीय,” फेन्या म्हणाली. “पानांवर बारीक पांढरे ठिपके आलेत. तिलाही त्याची आठवण येत असणार. ऊब मिळावी म्हणून मी हीटर चालूच ठेवते.”

टिमोने डोळे मिटून घेतले.

“कोळी पडलाय तिच्यावर, काकू.”

“कसला कोळी?”

“लाल कोळी. टाचणीच्या टोकाएवढाही नसतो. पानाच्या पाठीला चिकटून रस पितो. उबेत तर फारच वाढतो. तुमच्या डोळ्यांना दिसायचा नाही.” तो थांबला. “कलमांबरोबर आला. आमच्या सगळ्यांकडे.”

फेन्याने दाराची चौकट धरली.

“म्हणून आत येत नाही?”

“कपड्यांवरून जातो तो. तुमच्या शालीवरून, खुर्चीवरून. आपल्या ग्लेनची तर झाडांची अख्खी खोली गेली. पण तुम्हाला सांगायला कोणाची जीभ रेटेना. सावाचं झाड दिलं होतं तुम्ही.”

“मग काय केलंत? औषध मारलंत?”

“धुतलं, फवारलं, सगळं केलं. शेवटी ती कलमं जाळली, तेव्हा उरलेली झाडं वाचली.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी.”

“मार्लीननेसुद्धा?”

मार्लीनशी सावाचं लग्न ठरलं होतं.

“तिने सगळ्यात शेवटी.”

फेन्याला आधी शरम वाटली, मग नुसतं रडू फुटलं. मुलाला घरोघर पोचवायला निघाली होती, आणि घरोघर कीड देऊन बसली.

“माझी तरी वाचेल का रे?”

“बघू का येऊन?”

त्याने पायरीवर पाय ठेवलाही. फेन्याने हात आडवा केला.

“तिथूनच सांग. शेंड्याला जाळं धरतंय. रोज पुसते मी. मला वाटलं, तळघरातली कोळिष्टकं असतील.”

टिमोने पायरीवरचा पाय मागे घेतला. जाळं शेंड्याला पोचलं की झाडात काही उरत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“म्हणजे ती घरात असेपर्यंत तुम्ही कोणी आत येणार नाही,” फेन्या म्हणाली.

“येऊ की. कपडे बदलून—”

“खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही ते.”

ती आत गेली. तळघराच्या पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. टिमो बोर्शच्या ताटलीकडे बघत दाराबाहेर उभा राहिला. तिच्यावर आता साय धरली होती.

फेन्या वर आली ती कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरून. पिवळी पानं तिच्या गालाला लागत होती. त्याच्याकडे न बघता ती घरातल्या सपातांनीच चिखलात उतरली आणि परसातल्या कचरा जाळायच्या पिंपाकडे निघाली. कुंडी जड होती. मध्येच तिचा पाय घसरला आणि टिमो धावत आला.

“द्या इकडे, काकू.”

कडेवरचं मूल वळवून घ्यावं तशी ती कुंडीसकट वळली.

“लांब हो,” ती म्हणाली. “तुझ्या घरात अजून हिरवं आहे.”