धुराची उंची

पाहुणे धारगळहून निघाल्याचा फोन आला, तरी सिद्धी लॅपटॉपवर धूरच मोजत बसली होती.

"आज तरी ते मिटव गे," चंद्रावती आत्या म्हणाली.

"झालंच, आत्या. कुमाऊंकडे जंगल पेटलंय. धूर किती वर गेलाय ते कळवायचंय."

"कळून काय करतात?"

"वर गेला तर वाऱ्याबरोबर लांब जातो. खाली राहिला तर जवळच्या माणसांच्या छातीत."

आत्या मयेला, सिद्धीच्या घरी, आली होती ती हे लग्न मोडायलाच. तिचा भाऊ, म्हणजे सिद्धीचे बाबा, जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात वडीलधारी आता तीच. ती नाही म्हणाली असती तर पार्वतीनं, सिद्धीच्या आईनं, पुढे ब्रसुद्धा काढला नसता. सिद्धीला मात्र हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

"ह्या वयात लगीन!" आत्या पुटपुटली. "लोक काय म्हणतले?"

"म्हणू देत. दमले की गप्प बसतील."

सगळं धुरामुळेच सुरू झालं होतं. मार्चमध्ये धारगळला गोपाळरावांची काजूची बाग पेटली. स्क्रीनवर दिसणारी उंची खरी की खोटी, हे खालून बघून सांगणारं कुणीतरी सिद्धीला हवं होतं. ती दिवसभर ऑफिसात, म्हणून तिनं त्यांना घरचा नंबर दिला. डोंगरावरच्या मोबाईल टॉवरशी ताडून रोज निरोप यायचा: आज दीड टॉवर, आज अर्धा. आग विझली. धारगळचे फोन काही थांबले नाहीत.

गाडी आली. गोपाळराव आणि त्यांचा मुलगा रुद्रेश उतरले. रुद्रेश मोप्याच्या विमानतळावर कामाला. उंच, लाजरा, नवा शर्ट घातलेला. गोपाळरावांनी केळीच्या पानात गुंडाळलेला, केसांत माळायचा अबोलीचा वळेसर आत्यासमोर ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसत बसून राहिले.

"घरात आम्ही दोघंच," रुद्रेश म्हणाला. "आई गेल्यापासून भात मीच शिजवतो."

"म्हणजे रांधपीण हवीय?" सिद्धीनं विचारलं.

"छे हो! भात बरा होतो माझा. फक्त आमच्याकडे तिखट बेताचं."

"मग कठीण आहे."

गोपाळराव हसायला गेले आणि त्यांना ठसका लागला.

आत्या हसली नाही. तिनं लॅपटॉपकडे बोट केलं. "एवढ्या वरून उंची कळते तरी कशी?"

"उपग्रह एकाच धुराचे पुन्हा पुन्हा फोटो काढतो. येताना समोरून, पुढे गेल्यावर मागून. ते जुळवले की कळतं."

"एकदा बघून नाही कळत?"

"नाही, आत्या. एकाच बाजूनं बघितला तर धूर जमिनीला चिकटलेलाच दिसतो."

आत स्वयंपाकघरात कपबशा किणकिणत होत्या. पार्वती चहा ओतत होती.

मग आत्या उठली. तिनं वळेसर उचलला. सिद्धीपर्यंत आली, तिला ओलांडून पुढे गेली, आणि चहाचा ट्रे घेऊन दारात थबकलेल्या पार्वतीच्या केसांत तो माळला.

"गोपाळराव," ती म्हणाली, "आमच्या पार्वतीला तिखट लागतं. सवय करा."