डाव्या झोतातला माणूस

प्रमाणपत्र म्हणत होते : वाहनाचे दिवे मूळचेच आहेत, कोणताही बदल नाही. शिक्का मारणाऱ्याने बहुधा वाहनाकडे पाठ केली होती. कारण याच ‘मूळच्या’ दिव्यांनी साक्री रस्त्यावर प्राचीच्या वडिलांचे डोळे असे दिपवले, की ते सायकलसह रस्त्याकडेच्या चारीत कोसळून खाटेला खिळले.

म्हणून तिने गाडीमालक कुंदनला भरदुपारी त्याच्या नरडाण्याच्या गॅरेजमध्येच गाठले. शटर खाली ओढले आणि गाडी झोत तपासण्याच्या भिंतीसमोर घ्यायला लावली.

“लाव दिवे. आज तुझी भिंतच साक्ष देईल.”

पांढराशुभ्र झोत पडला. डाव्या वर्तुळात एका माणसाची सावली उभी होती. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कोणीच नव्हते.

प्राचीने दिव्याची काच पुसली. सावली तशीच. तिने झोतात हात धरला; तिच्या बोटांची सावली त्या माणसाच्या खांद्यावर पडली, आणि खांदा आक्रसला.

विचारायला आणलेला प्रश्न तिला आठवेना. शिकलेली भाषाही सुटली, घरची बोली तोंडी आली.

“हाऊ कोन शे, भाऊ?”

कुंदनने भिंतीकडे पाहिले नाही.

“दिवे मी तीनदा बदलले, ताई. उजेड वाढवला की तो पुसला जाईल, असं वाटलं. पण दर वेळी तो भिंतीपासून एक पाऊल गाडीकडे येतो.”