दहा मिनिटांचा लॅपटॉप

बाबा सहा तासांचा बसप्रवास करून, हत्यारांची पेटी छातीशी धरून दारात उभे राहिले, तेव्हा लॅपटॉप टेबलावर थंडगार पडला होता.

"घे, आता तापव," नवरा स्वयंपाकघरात तिच्या कानाशी पुटपुटला.

तिला हसू आलं नाही. कसं येणार? थाप तिचीच होती आणि आता चांगलीच अंगाशी आली होती.

दर रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा. फोनवर हा माणूस दोन वाक्यांत आटपायचा, पण पडद्यावर लेकीचं तोंड दिसलं की सुटायचा. शेजाऱ्याचा पंप, पंपाचं बेअरिंग, मग बेअरिंगच्या कारखान्यात पूर्वी कधीतरी झालेला संप. ना शेंडा ना बुडखा. आई गेल्यापासून तर विचारूच नका! इकडे तिचे घरांचे नकाशे तुंबलेले असायचे आणि "हो का?", "अरे वा!" म्हणून म्हणून तोंड दुखायचं. चार महिन्यांपूर्वी तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, हा सेकंडहँड लॅपटॉप फार तापतो हो. दहा मिनिटांत बंदच पडतो." आणि दहाव्या मिनिटाला तिनं झाकण मिटलं. मग दर रविवारीच मिटत राहिली.

लॅपटॉप बिचारा गुणी. बंद पडलेल्या एका ऑफिसातून घेतलेला, पण दिवसभर राबवला तरी कधी कुरकुरला नव्हता.

यंत्र तापतंय हे बाबांच्या जिवाला लागलं. चाळीस वर्षं पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करण्यात गेलेली. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला तो थेट, "उद्या निघतोय. पंखा साफ करायचा ब्रश, आतली थर्मल पेस्ट, सगळं घेतलंय."

"गुडघा केवढा सुजलाय तुमचा!" त्यांना दारातून आत घेत ती म्हणाली.

"गुडघा राहू दे. पेशंट कुठंय?"

"आधी जेवा तरी."

ते जेवत होते तेवढ्यात तिनं आतल्या खोलीत लॅपटॉपवर सगळ्यात जड नकाशे उघडले आणि त्याला दोन उशांमध्ये दाबून ठेवलं. स्वतःच्याच घरात चोरासारखी दाराला पाठ लावून ती उभी राहिली. बाहेरून बाबांचा आवाज येत होता, "जावईबापू, भाजी झकास झालीय हं." तिला स्वतःची लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

बाबांनी लॅपटॉप उलटा केला आणि तळाला पंजा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"आहे खरा गरम," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वेटर उतरवला. लाल, आईनं शेवटचा विणलेला. सात वर्षं झाली, पण त्याचा एक धागा त्यांनी निघू दिला नव्हता. घडी घालून तो शेजारच्या खुर्चीवर ठेवला. वर्तमानपत्र पसरलं, पेटी उघडली. खोलीभर वंगणाचा वास सुटला. एका कागदावर त्यांनी लॅपटॉपची आकृती काढली आणि जिथला स्क्रू निघेल तिथंच तो कागदावर ठेवत गेले. एकही स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही.

पाठीचं झाकण निघालं. बाबा वाकून आत बघत राहिले. नको हे नाटक, सांगून टाकावं, असं तिला वाटलं.

"बाबा, मला एक सांगायचंय..."

"आधी चहा टाक, ठमे," ते मान वर न करता म्हणाले. "बोलणं कुठं पळून जातंय?"

तिनं चहा टाकला. उकळेपर्यंत चार वेळा वाक्य जुळवलं. बाबा, मी खोटं बोलले. बाबा, रागावू नका. कप घेऊन ती बाहेर आली, तर बाबांनी चिमट्यात काहीतरी धरलं होतं.

"हा बघ तुझा चोर!"

कापसाच्या बोळ्याएवढा गुंता होता. तेलकट, काळवंडलेला, मधूनच लालसर.

"पंख्याच्या तोंडाशी बसला होता. आधीच्या मालकाकडे गालिचा असणार. मग वारा जाणार कुठून? बरं झालं बाई वेळेवर सांगितलंस, नाहीतर एखाद दिवशी जळालाच असता."

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे खरंच तापत होता! नकळत का होईना, ती खरंच बोलली होती. स्वयंपाकघरात जाऊन तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, "बघितलंस? म्हणे थाप!" तो आ वासून बघत राहिला.

"तू काय सांगत होतीस गं?" बाबांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही हो. असंच."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना बसवर सोडायला गेली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटत होतं.

"येत्या रविवारी तासभर बोलायचं हं बाबा. लॅपटॉप ठणठणीत झालाय आता." आणि ती हे अगदी मनापासून म्हणाली.

"नको गं. दहा मिनिटं पुष्कळ झाली," बाबा पेटी सावरत म्हणाले. "दहा झाली की मीच ठेवत जाईन."

"अहो, आता नाही तापणार तो!"

"तरी पण. जुन्या वस्तूला जपून वापरावं."

गारवा होता म्हणून बसमध्ये चढल्यावर त्यांनी स्वेटर चढवला आणि खिडकीची जागा पकडली. बस हलली. बाबांनी निरोपाचा हात खिडकीबाहेर काढला, तेव्हा त्या लाल बाहीची कड मनगटापाशी चांगली चार बोटं उसवलेली होती आणि उरलेली लोकर पुढं उसवू नये म्हणून तिला नीट गाठ मारलेली होती.