आत जाण्याआधीचा नियम

बेळगावातल्या विषाणू प्रयोगशाळेत नव्या मुलींना सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्णिमा द्यायची. "आत जाताना अंगावर दागिना नको, मंगळसूत्रसुद्धा नको," असं सांगून तिनं आधी स्वतःचं काढून लॉकरमध्ये ठेवलं. नुकतंच लग्न झालेली राजश्री घुटमळली.

"काढ गं, सवय होते," पूर्णिमा म्हणाली.

दुपारी निरोप आला. पूर्णिमाचा नवरा यंत्रमागावर काम करता करता गेला होता. ती तशीच वडगावला घरी धावली.

रडणारी सासू तिचा गळा बघून थांबली. "मोकळ्या गळ्यानंच आलीस व्हय गं? आता काढायचं काय?"

लॉकरची किल्ली देऊन दिराला पिटाळलं. मंगळसूत्र आलं. सासूनं ते पूर्णिमाच्या गळ्यात घातलं आणि मग बायकांनी ते रीतसर काढलं.