आयत्या वेळचा विषय

चूल आंब्याखाली मांडावी की झऱ्याजवळ, हा विषय बेहेऱ्यांनी मांडला आणि दगडावर बसून इकडेतिकडे पाहिलं. गणपूर्ती नव्हती. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून अर्ध्या तासाने ते त्याच दगडावर परत बसले आणि झऱ्याजवळची जागा मंजूर झाली.

हाउसिंग सोसायटीची सेक्रेटरीगिरी करून माणसांचा वीट आला, म्हणून ते मोबाइल घरी टाकून या रानात झोपडी बांधून राहिले होते. गणपूर्तीअभावी सभा मात्र रोजच अडू लागली. शेवटी त्यांनी समोरच्या फांदीवरच्या वानराला रीतसर सभासद करून घेतलं. तो एकही सभा चुकवत नसे.

महिन्याभराने बायको आली.

"मला न्यायला आली असशील, तर तो विषय अजेंड्यावर नाही," बेहेरे म्हणाले.

"आयत्या वेळचे विषय असतात की." ती शेजारी टेकली. "ठराव मांडते. तुमच्याशिवाय घरात करमत नाही, तर मीही इथंच राहणार."

बेहेरे सावरून बसले. "माझा विरोध आहे. आणि तुला अनुमोदन कोण देणार?"

तेवढ्यात वानराला काखेत खाज आली. त्यानं एक हात वर केला आणि निवांत खाजवत बसला.

दोघंही त्या वर केलेल्या हाताकडे बघत राहिले.

"सभासद आहे ना तो?" तिनं विचारलं.

बेहेऱ्यांना खोटं बोलता येईना. त्यांनी मान हलवली.

तिनं पिशवीतून तवा काढला, झऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चूल आंब्याखाली हवी होती. उद्याच्या सभेत घ्या."